घरातल्या शुगरची वंशावळ : कशी मांडावी, कशी वाचावी आणि तपासणीला कोणाला आधी पाठवावे

विदर्भातल्या खेड्यांत मधुमेहाला बहुतेक जण शुगर म्हणतात. ती कोणाला निघाली की घरात दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आमच्या घराण्यातच आहे, आता काय करणार’ हे एक, आणि ‘आमच्या घराण्यात कोणालाच नव्हती, मग मला कशी निघेल’ हे दुसरे. दोन्ही वाक्यांमागे आनुवंशिकतेची अर्धवट समज आहे आणि दोन्ही वाक्ये माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या आजारात आपल्या घराचा वाटा किती, हे पाहण्यासाठी महागडी जनुक चाचणी लागत नाही. एक मोठा कागद, पेन्सिल आणि घरातल्या जुन्या माणसांजवळ निवांत बसण्याची तयारी पुरेशी आहे. तो कागद कसा तयार करावा आणि त्यावरून काय ठरवावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी जनुकांविषयी थोडे

प्रत्येक माणसाला जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या जनुकांच्या मजकुरात माणसागणिक ठिकठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो. बहुतेक फरकांनी काही बिघडत नाही. काही फरकांमुळे मात्र स्वादुपिंडातील बीटा पेशी जेवणानंतर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन थोडे कमी सोडतात, काहींमुळे चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल वाढतो, तर काहींमुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत.

२००६ मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी दहाव्या गुणसूत्रावरील टीसीएफ७एल२ या जनुकातला असा एक फरक दाखवून दिला. तो एका प्रतीत असेल तर टाइप २ मधुमेहाची, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या शुगरची, शक्यता साधारण ४० टक्क्यांनी वाढते आणि दोन्ही प्रतींत असेल तर जवळपास दुप्पट होते. पुढच्याच वर्षी हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणू जीवशास्त्राची संस्था आणि पुण्याचे केईएम रुग्णालय येथील संशोधकांनी हाच संबंध पुणे भागातील लोकांमध्येही दाखवला. म्हणजे ही केवळ परदेशातली गोष्ट नाही, ती मराठी माणसाच्या रक्तातही आहे. सर्वत्र आढळणाऱ्या फरकांपैकी सर्वांत प्रभावी फरकांमध्ये याची गणना होते. बाकीचे बहुतेक याहून कमजोर आहेत, परंतु त्यांची संख्या मोठी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात टाइप २ मधुमेहाशी संबंध असलेली ६११ ठिकाणे नोंदवली गेली.

गावात भागवत सप्ताहाची वर्गणी गोळा होते तेव्हा कोणा एकाच्या दहा-वीस रुपयांनी मांडव उभा राहत नाही, सगळ्यांची मिळून रक्कम किती होते यावर ते ठरते. टाइप २ मधुमेहात जनुकांचे तसेच आहे. सख्ख्या भावंडांना आईवडिलांकडून वेगवेगळे वाटे येतात. म्हणूनच एका भावाला चाळिशीत शुगर निघते आणि दुसरा सत्तरीतही धुऱ्यावरून ताठ चालत असतो.

आईवडिलांपैकी एकाला टाइप २ मधुमेह असल्यास अपत्याला आयुष्यात कधी तरी तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आणि दोघांनाही असल्यास सुमारे ७० टक्के असते, असे पाश्चात्त्य समाजांतील अभ्यासांवरून मानले जाते. हे सगळे आकडे निव्वळ जनुकांचे नाहीत. एकाच घरात राहणाऱ्यांची चूल एक असते, जेवणाच्या वेळा एक असतात आणि बैठकीच्या सवयीही बऱ्याचदा एकच असतात. वंशावळीचा कागद जनुके आणि घरची राहणी या दोहोंचे वजन एकदम दाखवतो, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठेपण आहे.

कागद मांडताना

अनेक घरांत वंशावळ आधीच तयार असते. मुलाच्या जात पडताळणीसाठी शपथपत्रावर ती काढलेली असते, किंवा शेताच्या वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे दिलेली असते. तिची छायाप्रत घेऊन सुरुवात केल्यास निम्मे काम वाचते. परंतु तिच्यात एक मोठी उणीव असते. पडताळणीची वंशावळ बापाच्या बाजूनेच वर जाते, आणि तिच्यात आई, आजी, आत्या, मावशी आणि सासरी गेलेल्या लेकी जवळजवळ नसतातच. जनुके मात्र सासर-माहेर पाहत नाहीत. आपल्या शरीरातला निम्मा वाटा आईकडचा आहे, म्हणून आईच्या माहेरची बाजू वडिलांच्या बाजूइतकीच तपशिलाने भरली पाहिजे.

पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे. नवरा-बायकोंना आडव्या रेषेने जोडावे आणि त्यांची मुले खाली उभ्या रेषांनी, वयाच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडावीत. मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ मारावी. ज्यांचा मधुमेह तपासणीत निश्चित झाला आहे त्यांचे चिन्ह पूर्ण भरावे, आणि ज्यांच्याविषयी केवळ संशय आहे त्यांच्या चिन्हात प्रश्नचिन्ह घालावे. तीन पिढ्या पुरतात : आजी-आजोबांची, आईवडिलांची त्यांच्या भावंडांसह, आणि आपली व चुलत, आते, मामे, मावस भावंडांची. आपली मुले असल्यास ती चौथी ओळ. घरात दत्तक आलेले मूल किंवा सावत्र नाते असल्यास तसे स्पष्ट लिहावे, कारण रक्ताचे नाते कोणते हे इथे नेमके कळावे लागते. आते-मामे भावंडांत लग्न झालेले असल्यास त्या दोघांमध्ये एकाऐवजी दोन आडव्या रेषा काढाव्यात. त्याचा उपयोग पुढे येईल.

हे काम एका बैठकीत होत नाही. पितृपक्षात घरोघर गेलेल्यांची नावे निघतात, दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने लेकीबाळी आणि पाहुणे येतात. असे दिवस यासाठी निवडावेत. जुनी माणसे एकमेकांना आठवण करून देतात, आणि एकाला न आठवलेले वय दुसरा सांगतो.

विचारपूस कशी करावी

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण कागदाची किंमत विचारपुशीवर ठरते. ‘आबाजींना शुगर होती का?’ असा थेट प्रश्न विचारला तर ‘त्या काळी कुठं होत्या शुगरा’ असे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खेड्यात रक्त तपासले जात नव्हते, त्यामुळे निदान नव्हते. आजार नव्हता असे त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून आजाराचे नाव घेण्याऐवजी खुणा विचाराव्यात. रात्री किती वेळा उठत होते? तहान फार लागत होती का, उशाला तांब्या ठेवत होते का? शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत जेवण चांगले असूनही अंग खंगत गेले होते का? पायाला पऱ्हाटीचा खुंट लागला आणि ती जखम महिनोन्‌महिने चिघळली, अखेर बोट कापावे लागले, असे काही झाले होते का? डोळ्यांनी दिसेनासे झाले ते मोतीबिंदूने की कसे? वारले ते लकव्याने, छातीत कळ येऊन, की किडनी गेल्याने? एखादी आजी मग सहज सांगून जाते, ‘बुढ्याच्या लघवीले मुंग्या लागे.’ हे एक वाक्य कागदावर तसेच्या तसे, तिच्या शब्दांत लिहून ठेवावे. लघवीतून साखर जात असल्याची ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेलेली खूण आहे. तरीही यांपैकी कोणतीच खूण एकटी निर्णायक नाही. चिघळलेली जखम इतर कारणांनीही असू शकते आणि लकवा केवळ वाढलेल्या बीपीनेही येतो. म्हणून अशा ठिकाणी प्रश्नचिन्हच ठेवावे, चिन्ह भरू नये.

ज्यांचे निदान झाले आहे त्यांच्याबाबत चार गोष्टी लिहाव्यात. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे निदान झाले तेव्हाचे वय. लोक आजचे वय सांगतात, त्यामुळे ‘पहिली गोळी कधी सुरू झाली, त्या वर्षी घरात काय झालं होतं, कोणाचं लग्न, कोणती निवडणूक’ असे विचारून वय काढावे. दुसरी, उपचार गोळ्यांचा की इन्सुलिनचा, आणि इन्सुलिन असल्यास ते सुरुवातीपासून की काही वर्षांनी. तिसरी, निदानाच्या वेळी शरीर कसे होते, सडपातळ की सुटलेले. चौथी, बरोबर आणखी काही त्रास होता का : कमी ऐकू येणे, दृष्टी लवकर जाणे, वारंवार पोटात असह्य कळ येणे, किडनीचा आजार.

बायकांना स्वतंत्रपणे आणि शक्यतो घरातल्या दुसऱ्या बाईनेच विचारावे. गरोदरपणात साखर वाढली होती का, बाळ साडेतीन-चार किलोंचे किंवा फारच लहान जन्मले का, पोटातच मूल दगावले होते का, हे प्रश्न सासऱ्यासमोर कोणी सांगणार नाही. गरोदरपणात साखर वाढून बाळंतपणानंतर ती उतरलेल्या बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा अनेक पटींनी जास्त असते, आणि नेमकी हीच नोंद सर्वांत सहज हरवते.

सोयरीक मोडेल या भीतीने काही घरे शुगर लपवतात. त्यांना समजावून सांगावे की टाइप २ मधुमेह आज इतक्या घरांत आहे की त्यावरून स्थळ नाकारण्यात काही अर्थ नाही, आणि हा कागद घरची माणसे आणि डॉक्टर यांच्यापलीकडे जाणार नाही. तसा शब्द दिला तर तो पाळावाही.

कागद वाचताना

बहुतेक घरांत दिसेल ते चित्र असे असते : काही चिन्हे भरलेली, काही कोरी, निदान पस्तिशीनंतर, बऱ्याच जणांचे पोट सुटलेले, आणि दोन्ही बाजूंना तुरळक प्रश्नचिन्हे. हा अनेक जनुकांच्या एकत्रित प्रभावाचा नेहमीचा टाइप २ मधुमेह होय. येथे भरलेल्या चिन्हांच्या संख्येइतकेच त्यांचे अंतर महत्त्वाचे आहे. आई, वडील, सख्खी भावंडे ही जवळची नाती, आणि त्यांच्यातला मधुमेह आपल्याला सर्वाधिक सावध करतो. चुलत आजोबांचा मधुमेह फारसे काही सांगत नाही. निदानाचे वय पिढीगणिक खाली येत असेल, म्हणजे आजोबांना साठीत, वडिलांना पंचेचाळिशीत आणि भावाला तिशीत, तर जनुके एवढ्या लवकर बदललेली नसतात. राहणी बदललेली असते, आणि तीच आधी तपासून पाहावी.

काही आकृत्या मात्र वेगळ्या दिसतात. त्या क्वचित आढळतात, परंतु ओळखल्या तर उपचारच बदलतो.

सलग तीन पिढ्यांत, प्रत्येक पिढीत साधारण निम्म्या भावंडांना, तेही पंचविशीच्या आत आणि सडपातळ अंगाच्यांना मधुमेह दिसत असेल, तर एकाच जनुकातील बदलामुळे होणाऱ्या ‘मोडी’ या प्रकाराचा विचार करावा लागतो. यात बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. एचएनएफ१ए या जनुकातील बदल असलेल्यांना सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांची लहान मात्राही बहुधा चांगली लागू पडते. जीसीके या जनुकातील बदल असलेल्यांची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच किंचित वाढलेली असते आणि गरोदरपण सोडल्यास त्यांना सहसा औषधच लागत नाही. अशा तरुणांना टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होण्याचा प्रकार, समजून वर्षानुवर्षे इन्सुलिन दिले जाते, असे जगभर घडले आहे. तरीही वंशावळीवरून स्वतःच इन्सुलिन बंद करणे प्राणघातक ठरू शकते. हा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

मधुमेह आईकडूनच उतरत असेल, बापाकडून एकाही मुलाला गेलेला नसेल, आणि त्याच माणसांना तरुणपणी कमी ऐकू येऊ लागले असेल, तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया या भागाच्या जनुकातला बदल हे कारण असू शकते, कारण मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात. जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बाळाला मधुमेह झाला तर त्याची जनुक चाचणी अवश्य करावी. त्यातील काही बाळांत केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जनुकांत बदल सापडतो, आणि अशा अनेक बाळांचे इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून गोळ्यांवर आणता येते. चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था अशा एकजनुकी मधुमेहावर अनेक वर्षे काम करत आहे. विदर्भातून सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्स येथील तज्ज्ञांमार्फत पुढची वाट विचारता येते.

दोन आडव्या रेषांच्या, म्हणजे नात्यातल्या लग्नाच्या, घरात मुलाला लहानपणी मधुमेह झाला आणि पुढे त्याची दृष्टीही कमी होत गेली, तर वोल्फ्राम सिंड्रोम या दुर्मीळ आजाराची शंका घ्यावी. वारंवार पोटदुखी आणि स्वादुपिंडात खडे असलेला सडपातळ तरुण हाही वेगळा प्रकार आहे. त्यात स्पिंक१ या जनुकातील फरकांचा संबंध भारतीय रुग्णांत आढळला आहे.

टाइप १ मधुमेहाची जनुके वेगळीच आहेत. त्यांतली प्रमुख सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या भागात असतात. तो बहुतेक वेळा घराण्यात कोणालाच नसताना येतो. एका भावंडाला असल्यास दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच-सहा असते. त्यामुळे लहान मूल अचानक खंगू लागले, फार पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, तर वंशावळ कोरी आहे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी साखर तपासावी.

कागदावरून गुण कसे काढावेत

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धती तयार केली. तिच्यात वंशावळीला स्वतंत्र गुण आहेत. वय ३५ च्या आत असल्यास ०, ३५ ते ४९ असल्यास २० आणि ५० वा अधिक असल्यास ३०. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांत ८० च्या आत असल्यास ०. पुरुषांत ९० ते ९९ आणि स्त्रियांत ८० ते ८९ असल्यास १०. त्याहून अधिक असल्यास २०. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचे काम दोन्ही असल्यास ०, दोहोंपैकी एक असल्यास २०, एकही नसल्यास ३०. आईवडिलांपैकी कोणालाही मधुमेह नसल्यास ०, एकाला असल्यास १०, दोघांना असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक आली तर धोका मोठा, ३० ते ५० असल्यास मध्यम.

समजा, दारव्हा तालुक्यातला ४२ वर्षांचा शेतकरी आहे. वडिलांना मधुमेह, आईला नाही. घेर ९४ सेंटिमीटर. शेतीची कामे आता ट्रॅक्टर आणि मजुरांकडून होतात, स्वतः सकाळी नियमित फिरायला जातो. त्याचे गुण २० अधिक १० अधिक २० अधिक १०, म्हणजे ६०. तो मोठ्या धोक्याच्या गटात आला. यात घराण्याचे गुण केवळ १० आहेत. ते आणि वयाचे २० त्याला बदलता येणार नाहीत. बाकीचे ३० गुण मात्र त्याच्या हातात आहेत.

घेर बेंबीजवळ, श्वास सहज सोडून, कपड्यावरून नव्हे तर अंगावर टेप ठेवून मोजावा. ‘मी तर बारीक आहे’ या समजुतीवर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले मोजमाप बोलके आहे : दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट गोल, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण याच प्रकारची आहे.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यातही आईवडील किंवा भावंडांना मधुमेह, बीपी अथवा हृदयविकार असल्यास २ गुण मिळतात आणि एकूण ४ पेक्षा जास्त गुण असलेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. वंशावळीचा कागद तयार असेल तर त्या प्रश्नाला ‘नाही’ असे घाईचे उत्तर दिले जात नाही.

तपासणी आणि सिकलसेलची अडचण

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी चाचणी पुन्हा करतात. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची अवस्था होय. उपकेंद्रात बोट टोचून केलेली तपासणी चाळणीसाठी आहे. निदान शिरेतील रक्तावरून करावे.

विदर्भात, आणि त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात, इथे एक गोष्ट अतिशय काळजीपूर्वक पाहावी लागते, ती म्हणजे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. एचबीए१सी ही चाचणी लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला गेल्या सुमारे तीन महिन्यांत किती साखर चिकटली हे मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, हे त्यामागचे गृहीत आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत सिकलसेलचा बदल, असलेल्या रुग्णाच्या लाल पेशी फार लवकर, बऱ्याचदा दहा-वीस दिवसांतच, नष्ट होतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि शिवाय ज्या प्रकारच्या हिमोग्लोबिनवर ही चाचणी आधारलेली आहे तोच त्यांच्या रक्तात नसतो. अशा रुग्णाची एचबीए१सी चाचणी मधुमेहासाठी वापरूच नये. वारंवार रक्त चढवलेले असल्यास तर अहवालाला काहीच अर्थ उरत नाही.

एएस पॅटर्न असलेल्या, म्हणजे एकाच प्रतीत बदल असलेल्या वाहक, माणसाला स्वतः सहसा त्रास नसतो, आणि म्हणूनच त्याचा विचार मागे पडतो. त्याच्या बाबतीत प्रयोगशाळेची पद्धत कोणती यावर अहवालाची अचूकता अवलंबून असते. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या २०१७ मधील अभ्यासात, रक्तातील साखर सारखीच असताना वाहकांचे एचबीए१सी इतरांपेक्षा सुमारे ०.३ टक्का-अंकांनी कमी आढळले. हा फरक लहान वाटतो, परंतु खरे ६.६ असलेल्या माणसाला ६.३ चा अहवाल मिळाला तर त्याला ‘अजून शुगर नाही’ असे सांगून घरी पाठवले जाईल. जी६पीडी या एन्झाइमची आनुवंशिक कमतरताही अहवाल खाली ओढते. याउलट लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, जो आपल्याकडच्या बायकांत फार आढळतो, एचबीए१सी खोटेच वाढवून दाखवू शकतो.

म्हणून वंशावळीच्या प्रत्येक चिन्हाजवळ, माहीत असल्यास, सिकलसेलचा पॅटर्नही लिहावा : एए, एएस किंवा एसएस. ज्या घरात एकही एएस किंवा एसएस आहे त्या घरातील सर्वांनी मधुमेहासाठी उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर तपासावी आणि एचबीए१सी झालेच तर कोणत्या पद्धतीने केले ते प्रयोगशाळेला विचारावे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखात कधी एक जास्तीचे टोक दिसते आणि अहवालाच्या तळाशी ‘हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असू शकतो’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. ती वाचल्याशिवाय अहवाल घडी घालून ठेवू नये.

लग्नाच्या बाबतीत या दोन आजारांची गल्लत करू नये. सिकलसेलमध्ये दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते, त्यामुळे लग्नाआधी तपासणी करणे योग्यच आहे. टाइप २ मधुमेह असा एका जनुकाच्या हिशेबाने उतरत नाही.

थुंकीची जनुक चाचणी घ्यावी का

थुंकीचा नमुना कुरिअरने पाठवून मधुमेहाचा ‘जनुकीय धोका’ सांगणाऱ्या चाचण्या आता विकल्या जातात. सर्वसाधारण टाइप २ मधुमेहासाठी त्यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा गुणांकांचा पाया बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर रचलेला आहे आणि इतर समाजांत त्यांची अचूकता कमी होते. भारतीयांची स्वतःची माहिती आता कुठे जमू लागली आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन केले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. आणि अहवाल काहीही आला तरी पुढचा सल्ला तोच असतो : घेर कमी करा, चाला, साखर तपासा. मोडी, नवजात बाळाचा मधुमेह आणि बहिरेपणासह येणारा मधुमेह यांत मात्र चाचणीने उपचार बदलतो. तिथे ती तज्ज्ञाच्या सल्ल्याने जरूर करावी.

घराण्यात आहे म्हणून काय करावे

‘जनुकेच तशी आहेत, मग प्रयत्न कशाला’ या प्रश्नाला थेट उत्तर आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन घटवून आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करून मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आणले. त्याच प्रयोगातील लोकांची टीसीएफ७एल२ चाचणी केली तेव्हा दिसले की धोक्याच्या दोन प्रती असलेल्यांनाही राहणी बदलण्याचा लाभ मिळाला होता; राहणी न बदललेल्या गटातच त्या जनुकाचा प्रभाव ठळक होता. भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासात राहणीतील बदलाने सुमारे तीन वर्षांत धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. आपला आकडा लहान आहे, तरीही ज्यांना आजार झाला असता अशा चार जणांत एकाहून अधिक जणांचा तो टळणे ही लहान गोष्ट नाही.

गावात हे कसे बसवावे? पेरणी ते काढणी अंगमेहनत होते, आणि मार्च ते मे शेत रिकामे असताना माणूस बसून असतो. वंशावळीत आई किंवा वडिलांचे चिन्ह भरलेले असेल तर त्या तीन महिन्यांत रोज पहाटे अर्धा तास झपाझप चालणे हे औषधाइतके पक्के धरावे. पूर्व विदर्भातील धानाच्या जिल्ह्यांत ताटातला भात निम्मा करून वरण, भाजी आणि उसळ वाढवावी. पश्चिमेकडे ज्वारीची भाकर पुन्हा मुख्य करावी. चहा दिवसातून किती वेळा होतो ते एकदा मोजावे. बहुतेक घरांत सर्वांत जास्त साखर तिथूनच पोटात जाते.

गरोदर सुनेकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. परंतु आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढच्या पिढीचा धोका गर्भातच आकार घेऊ लागतो, हे त्यातून समोर आले. म्हणून गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी चुकवू नये. दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक असल्यास उपचार लागतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती चाचणी पुन्हा करावी आणि त्यानंतर दर वर्षी साखर पाहावी.

सरकारी तपासणी तिशीपासून सुरू होते. वडिलांचे किंवा आईचे निदान चाळिशीच्या आत झालेले असेल, किंवा घेर मर्यादेबाहेर असेल, तर तिशीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून आधीच सुरुवात करावी. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या मुलांना कागदाचा फोटो पाठवून त्यांच्या चिन्हाशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख मागवून घ्यावी. एक प्रत सासरी गेलेल्या लेकीकडे द्यावी, कारण तिच्या मुलांच्या वंशावळीची निम्मी बाजू याच कागदावर आहे. दवाखान्यात जाताना मूळ कागद सोबत न्यावा आणि त्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक अहवालाची तारीख, चाचणीची पद्धत आणि आकडा लिहीत जावे.